झळंबवाले साडू

आमच्या साडूंइतका खरं बोलणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. अडचण एवढीच की ज्या मुलखाबद्दल ते खरं बोलत, तो मुलूख कुठे नव्हताच. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. यवतला हायवेच्या कडेला त्यांचं सीट कव्हरचं दुकान. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, जे दारात येईल त्याची सीट रेक्झिन लावून शिवून द्यायची. हा झाला पोटाचा धंदा. खरा धंदा झळंबांचा. झळंब म्हणजे टेकाडाएवढं, पंखांचं, पोटात धग बाळगणारं आणि चिडलं की तोंडातून जाळ काढणारं जनावर. त्याच्या पाठीवर बसून जो उडतो तो पाठ्या. मी हे दोन वाक्यांत सांगितलं खरं, पण मला ते नीट समजायला लग्नानंतरची सगळी वर्षं लागली, आणि समजलं तेव्हा त्याचा कुणाला काही उपयोग उरला नव्हता.

आमची पहिली गाठ मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पडली. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं, शिरूरला माझं औषधांचं दुकान आहे हेही सांगून झालं, आणि कोपऱ्यातून एका किडकिडीत माणसाने विचारलं, ‘‘पाव्हणं, उंचीचं काय?’’ मी म्हणालो, ‘‘पाच फूट चार.’’ ‘‘तसं न्हाई वो. उंचावर गेलं की भ्या वाटतं का?’’ गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की वाटतं, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, ‘‘पोरगं चांगलं हाय मामा. भुईकर हाय, पर चांगलं हाय.’’ सासरे इतके ओशाळले की त्यांनी लग्नाची बोलणी तिथल्या तिथे उरकून टाकली. भुईकर म्हणजे जन्मात कधी उडणार नाही असा माणूस. ती शिवी नव्हती. सरपंच भुईकर, सासरे भुईकर, एकदा प्रचाराला दुकानात आलेला उमेदवारसुद्धा भुईकर. त्याला वाटलं आपल्याला भूमिपुत्र म्हणाले. तो हात जोडून पुढे गेला.

दाजींना (बायकोच्या तोंडातलं ‘दाजी’च मीही उचललं होतं) हे कुठून सुचलं, हे कुणालाच सांगता आलं नाही. सिनेमातून म्हणावं, तर एकदा टीव्हीवर कुठल्यातरी परदेशी सिनेमात असलंच एक जनावर दिसलं, तेव्हा ते ताडकन उठले. ‘‘खोगीर कुठाय? नुसतं बोडक्या पाठीवर बसलंय. आन् एवढं मोठं जनावर, त्येचं शेण कोण काढतं, दाखवलंच न्हाई!’’ त्यांच्या मुलखात शेणाची पक्की व्यवस्था होती. तिथे झळंबांच्या जाती होत्या: घाटातला जाळ्या, नुसता धूर काढणारा काजळ्या, आणि घोड-भीमेच्या काठाने राहणारा पाणझळंब, ज्याच्या तोंडातून जाळाऐवजी वाफ येते आणि ज्याला उन्हाळ्यात फार जपावं लागतं. त्या मुलखाचं व्याकरणही होतं. माझी बायको एकदा त्यांना खूश करायला म्हणाली, ‘‘दाजी, तो झळंब काय खातो हो?’’ दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. ‘‘तो न्हाई. बसलं असलं की ते झळंब. उडालं की तो. खाताना बसलेलं आसतंय, म्हंजी ते काय खातं असं इचारायचं.’’ मग तासभर ते काय खातं हे त्यांनी सांगितलं, आणि आमची शिरूरची गाडी चुकली.

आम्ही सगळे सहकुटुंब इनामगावला गेलो होतो, तेव्हा तिथल्या उत्खनन झालेल्या पांढरीच्या टेकाडावर उभं राहून, ही हजारो वर्षांपूर्वीची माणसं इथे कशी राहत, शेती कशी करत, चुली कशा मांडत, असं मी बायकोला सांगत होतो. दाजी वाकून जमीन बघत होते. म्हणाले, ‘‘चुली मोप हायेत पाव्हणं. पर एवढ्या चुली कशाला, ह्याचा इचार केला का कुणी?’’ मी नाही म्हणालो. ‘‘ज्यांची झळंबं निवून गेली त्येंनाच चुली लागतात,’’ असं म्हणून ते नदीकडे तोंड करून उभे राहिले, आणि का कोण जाणे, दोन मिनिटं आमच्यापैकी कुणाला हसू आलं नाही. झळंब मरत नाही, निवतं. पोटातली धग कमी कमी होत जाते आणि एके दिवशी हात लावला तर गार.

दुकानावर याचे परिणाम व्हायचे ते होतच. पाटसचा एक शेतकरी ट्रॅक्टरची सीट करायला आला, त्याला त्यांनी पहिल्या उड्डाणाचं खोगीर डाव्या अंगाने उसवलेलं का ठेवतात हे ऐकवलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘ते ऱ्हाऊ द्या, माझी सीट दोन्ही अंगानं शिवा.’’ एका दूधवाल्याच्या मोटारसायकलला त्यांनी न सांगता कमरेचा पट्टा बसवून दिला. दूधवाल्याने त्या पट्ट्याने किटली बांधली. गिऱ्हाईक ताटकळत बसे आणि शेवटी शेजारच्या दुकानात जाई. त्यातून रीतीभाती. पाठ्याने जेवायला बसलं की पहिला घास मागे टाकायचा, पाठीशी उभ्या असलेल्या झळंबासाठी. दौंडला आमच्याच नात्यातल्या एका लग्नात दाजींनी हा मागला घास मोठ्या भक्तिभावाने टाकला. तो बासुंदीत बुडवलेल्या पुरीचा होता आणि मागच्या पंगतीत वरमाई होती. त्या पैठणीवरून दोन घरं आजही एकमेकांकडे जात नाहीत. आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, कपाळाला हात लावून म्हणायची, ‘‘दारू न्हाई, पत्तं न्हाई, कुणाच्या अध्यात न्हाई. शिव्या तरी काय म्हणून घालू ह्या माणसाला?’’

या सगळ्यात एकच माणूस त्यांच्या बाजूने होता, ती त्यांची एकुलती एक मुलगी. बारशाला त्यांनी झळई हे नाव सुचवलं होतं. आक्काने तिरीमिरीत शीतल ठेवलं. पण शीतल बोलायला लागली ती दोन भाषा. बाप-लेक एकमेकांना कधी ‘काय करतेस’, ‘कसे आहात’ असं विचारत नसत. एकाने म्हणायचं, ‘‘वारं पाठीला.’’ दुसऱ्याने म्हणायचं, ‘‘धग पोटाला.’’ की झाली ख्यालीखुशाली. पुढे शीतल डिप्लोमा करून रांजणगावच्या एका कंपनीत लागली आणि शिरूरला आमच्याकडे राहू लागली. शहाणी, हजरजबाबी, कंपनीत साहेबांशी इंग्रजीत भांडणारी मुलगी. पण संध्याकाळी फोन वाजला की गॅलरीत जाऊन, ‘‘आण्णा, आज पंख ओले हायेत,’’ म्हणायची. म्हणजे दमलेय. एकदा मी तिला म्हटलं, ‘‘तू एवढी शिकलेली, तुला हे खरं वाटतं?’’ ती म्हणाली, ‘‘काका, खरंखोटं मला न्हाई माहीत. पण आण्णा माझ्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोललेच नाहीत. मी ती सोडली तर मला बाप कुठनं आणू?’’

शीतलला ताप यायला लागला. आधी मीच दुकानातून गोळ्या दिल्या, मग डॉक्टर, मग रक्त तपासणं, मग पुण्याचं हॉस्पिटल. रक्ताचाच आजार निघाला. आमच्या धंद्यात औषधांची नावं बघितली की माणूस किती पाण्यात आहे ते कळतं, आणि दर पंधरवड्याला नावं बदलत गेली तशी मला कळत गेलं. आक्का मला विचारायची, ‘‘पाव्हणं, तुम्हाला समजतंय, सांगा की.’’ मी म्हणायचो, ‘‘हे औषध नवीन आहे, चांगलं आहे.’’ दाजींनी मला कधीच काही विचारलं नाही. दुकानाला कुलूप लावून ते हॉस्पिटलात पोरीच्या उशाशी बसले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोघं त्यांच्या मुलखात. ‘‘धग हाय का?’’ ‘‘हाय आण्णा, पर वारं उलटं लागलंय.’’ ‘‘डावा पंख दाब. वारं कापत चल.’’ एका सिस्टरने आक्काला विचारलं, ‘‘हे दोघं कानडी का?’’ जन्मभर नवऱ्याच्या त्या भाषेला कावलेली आक्का म्हणाली, ‘‘व्हय. आमच्यात कानडीच बोलत्यात.’’

त्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो होतो. शीतलचे केस केव्हाच गेले होते, ओठ फुटले होते. आक्का खाली औषध आणायला गेली होती. दाजी सांगत होते, पाणझळंब भीमेवरनं कसा सरळ उजनीच्या पाण्यावर उतरतो ते. उतरता उतरता त्यांनी त्याला ‘ते’ म्हटलं. शीतलने डोळे मिटूनच चूक सुधारली, ‘‘अजून उडतोय आण्णा. तो म्हणा.’’ दाजी हसले. मग तिने विचारलं, ‘‘आण्णा, पाठ्याच गेला तर झळंब काय करतं?’’

खोगिरापासून शेणापर्यंत ज्या माणसाला कधी उत्तर शोधावं लागलं नव्हतं, तो सलाईनच्या नळीतले थेंब बघत राहिला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण डबा हातात तसाच धरून मी उभा होतो. शेवटी दाजी म्हणाले, ‘‘त्ये... त्ये आजून ठरलं न्हाई.’’

‘‘ठरू द्या,’’ शीतल म्हणाली. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ‘‘आण्णा, आज साधं बोला ना माझ्याशी. आई बोलती तसं.’’

मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. भर पंगतीत, भर बाजारात, परक्या माणसांपुढे हा गृहस्थ कधी अडखळला नाही. आता तोंड उघडायचा आणि मिटायचा. साध्या मराठीत लेकीशी काय बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग अगदी हळू, पहिलीतलं पोर वाचतं तसं एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, ‘‘मला... लई भ्या वाटतंय, शीतल.’’

‘‘मला बी,’’ ती म्हणाली. आणि खरं सांगतो, तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. दाजींनी तिला पाणी पाजलं, पांघरूण नीट केलं, ‘‘दुखतंय का?’’ विचारलं, तिने ‘‘दुखतंय’’ म्हटलं. त्याच आठवड्यात शीतल गेली.

तेराव्यानंतर दाजींनी दुकान उघडलं, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून त्या मुलखातला एक शब्द कुणी ऐकलेला नाही. दुकान उत्तम चालतं. सांगितलेल्या दिवशी सीट तयार असते, गिऱ्हाईकाला बसवून ठेवत नाहीत, पट्टे लावत नाहीत. यवतमध्ये लोक म्हणतात, पोरगी गेली पण माणूस माणसात आला. भावकीत तर काहींना यात देवाचा हातसुद्धा दिसतो. असं बोलणाऱ्याला उलट काही बोलायचं मी सोडून दिलंय. बोलून काय सांगणार? जगातून एक भाषा गेली आणि ती ऐकणारे आम्ही चारदोन भुईकर, आम्हाला ती धड येतही नव्हती.

शीतलच्या वर्षश्राद्धाला आम्ही यवतला गेलो होतो. जेवणं झाल्यावर आक्काने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. पदराने हात पुसत म्हणाली, ‘‘पाव्हणं, तुम्ही त्येंना काहीतरी इचारा की त्या जनावरांचं. घर खायला उठतंय वो. पैलं मी तोंडावर म्हनायची, बास करा. आता मीच कवाधरनं वाट बघतीय.’’ मी ओसरीत जाऊन बसलो. दाजी पान लावत होते. मी म्हटलं, ‘‘दाजी, यंदा ऊन फार आहे. पाणझळंबांचं कसं काय?’’ त्यांनी वर पाहिलं. रागावले नाहीत, डोळ्यांत पाणी आलं नाही. कुणी एखाद्या अनोळखी गावचा पत्ता विचारावा तसे जरा आठवून बघत म्हणाले, ‘‘कशाचं?’’ आणि पानाला चुना लावू लागले. दाराआड आक्का उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

बायको बहिणीजवळ दोन दिवस राहणार होती, म्हणून परतायचा मी एकटाच. दाजी मला मोटारसायकलवरून चौफुल्यापर्यंत सोडायला आले. शिरूरची गाडी यायला वेळ होता. आम्ही उसाच्या रसाच्या गुऱ्हाळासमोर सावलीला उभे राहिलो. मग रुमालाने मान पुसत त्यांनी विचारलं, ‘‘पाव्हणं, तुमचं कसं काय चाललंय?’’

आमच्या नात्याला एवढी वर्षं झाली, पण हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. त्यांच्या मुलखात माझी चौकशी करायला त्यांना सवडच नसे, आणि मी बायकोजवळ कितीदा कुरकुरलोही असेन की तुझे दाजी माणसाला साधं बरंवाईट विचारत नाहीत. आता विचारलं, तर सुचलं ते सांगत गेलो. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. दुकानाला नवा पोऱ्या मिळत नाही, समोर दुसरं मेडिकल झालंय, घराला गळती लागलीय, थोरला नोकरी बदलायची म्हणतो. ते मान खाली घालून नीट ऐकत होते. मधूनमधून ‘‘व्हय का’’, ‘‘आरं आरं’’, ‘‘हुईल समदं चांगलं’’ म्हणत होते. एकाही वाक्याला त्यांनी मला मधे तोडलं नाही. मी बोलत राहिलो, कारण मी थांबलो असतो तर दोघांनाही गप्प उभं राहावं लागलं असतं.

गाडी आली. मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी खालून पिशवी वर दिली आणि म्हणाले, ‘‘जपून जावा. पोचलात की फोन करा.’’ गाडी वळून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते हात वर करून उभे होते, कुणाचेही साडू उभे राहतात, तसे.