गयानं मागवलेला सुंभ

सोनपेठच्या बाजारात सुंभाची गुंडाळी हातात धरून मी भाव करत होतो, तेव्हा पोराचा, दत्ताचा फोन आला. "बापू, माय गेली." एवढंच म्हणाला. तिच्या छातीत कळ आली आणि संपलं. सकाळी तर चांगली होती. चहा पिता पिता मला बजावलं होतं, "बाजंला सुंभच आणा, नायलॉन नको. बाळंतिणीची पाठ कापती." घरी पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. खांद्यावरचा सुंभ उतरवायचं मला सुचलं नाही.

घरात तेव्हा बाळंतीण कुणीच नव्हती, हे आधी सांगतो. व्हावी असं मात्र ठरलं होतं... त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

गया आणि मी ऊसतोडीला जायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता. थोरला दत्ता घरी झाला, धाकटा लक्ष्मण कारखान्यावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. त्यानंतर गयानं पोरं बंद व्हायचं ऑपरेशन करून घेतलं. टोळीतल्या सगळ्याच बाया करायच्या. पोट घेऊन उसाची मोळी कशी उचलणार? नुकती विशीत आली होती ती. लक्ष्मण तीन वर्षांचा होऊन तापानं गेला. गया रडली, मग रडायची थांबली. पण कुणाची बाळंतीण बघून आली की भाकरी थापायची, खाणाऱ्यांपेक्षा लय जास्त थापायची. मी काही विचारलं नाही. विचारून देणार काय होतो?

पुढं दत्ताचं लग्न झालं, नातू झाला. सून पूजा पहिलटकरीण. सव्वा महिना भरत आला तसा घरात वाद लागला. दत्ता म्हणे, तीन-चार वर्षं दुसरं नको, फडात हाल होतात. विहीणबाई म्हणाल्या, तांबी बसवली की पिशवी खराब होती, मग पोर राहत न्हाई. भावकीतली एक म्हणाली, पोरगा झालाय, ऑपरेशन करून मोकळी करा. पूजा बाजेवर लेकराला पाजत ऐकत होती. गयानं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "कडी लावायची का दार बुजवायचं, ते तिला ठरवू द्या. दार तिचं हाय."

सरकारी दवाखान्यात मीही गेलो, बाहेर बसायला. पण दार उघडं होतं, आणि गयाचं बोलणं तर भिंतीपलीकडं ऐकू जायचं. नर्सबाईनं समजावून सांगितलं: ऑपरेशन कायमचं, तीन महिन्यांची सुई असते, पण ती सोडल्यावर दिवस राहायला उशीर लागू शकतो, तांबी वाटेल तेव्हा काढता येते. गयानं एकच विचारलं, "काढल्यावर लेकरू राहतंय का?"

"राहतं की, आजी. तांबीनं पिशवी बिघडत नाही."

"मला नगं, तिला सांगा."

पूजानं तांबी घेतली.

कामाला हरकत नाही, असंही नर्सबाई म्हणाली होती. ते गयाला काही पटलं नाही. मोळीच्या वजनानं तांबी सरकते, असं तिच्या डोक्यात बसलं. नातवाला सांभाळायला म्हणून फडावर आली, आणि नातू माझ्या मांडीवर टाकून सुनेच्या मोळ्या स्वतःच उचलायला लागली. गुडघे गेलेली बाई. मी म्हणालो, "तांबी तिची, अन् जपायलीस तू?" तर म्हणाली, "तुमी लेकरू धरा." टोळी हसायची. तिला त्याचं काही नव्हतं.

यंदा नातू अंगणवाडीत जायला लागला. पूजानं सासूला सांगितलं, आता दुसरं चालंल, तांबी काढून येते. म्हणून तो सुंभ.

तेरावं झालं. सासऱ्याशी असलं बोलायची आमच्यात रीत नाही, ते सासूच्याच मार्फत चालतं. पूजा दाराआड येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, दवाखान्यात जायचं ठरलं होतं. आत्या असत्या तर... आता थांबू का?"

"ती थांब म्हणली होती का? जा."

ती दत्तासोबत जाऊन तांबी काढून आली. मी बाज खाली घेतली, कुजका सुंभ कापून टाकला आणि नवा विणायला बसलो. दरवेळी बाज विणून झाली की गया वर बसून बघायची आणि दरवेळी एकच म्हणायची, ढिली हाय, आवळा. काल विणून झाली. तळव्यानं दाबून बघितली. पक्की होती. तरी पायथ्याची दोरी सोडली आणि पुन्हा आवळली.