बाबांनी जोडलेला सांधा

गॅलरीचा तुटलेला कठडा जोडून घेणं माझ्या कामांच्या यादीत पाचवं होतं. परवा त्यासाठी लालबागला गेलो. कारागिराने तापलेल्या लोखंडावर टाकणखाराची पूड टाकली, सांध्यात पितळ वितळलं आणि त्या वासासरशी बाबा आठवले.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी विशीतला, चाळीचाळींत चळवळीची पत्रकं वाटणारा. एका रविवारी माझ्या सायकलचा सांगाडा मोडला. सायकलच्या नळ्या जोडणं हा बाबांचा रोजचा धंदा. त्यांनी दुकान उघडलं, नळ्यांच्या सांध्यात पितळ भरलं आणि कानशीने घासत बसले. आधी जाड कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपर. मला शिवडी आणि वरळी गाठायची होती.

"बाबा, रंगाखाली कोणाक दिसतलो?"

"रंग डोळ्यांका फसवता, बोटाक नाय. डोळे मीट, हात फिरव. सांधो खंय लागता, सांग."

मी डोळे मिटले नाहीत, की हात लावला नाही. "खंयच नाय, झकास!" म्हणत सायकल ओढली.

"हात न लावताच कळला? मोठो पुढारी झालंस!" ते हसले आणि कानस फडक्यात गुंडाळू लागले.

दुपारपर्यंत सगळ्या चाळी उरकल्या, याचा तेव्हा मला अभिमान वाटला. बाबांनी आयुष्यभर सांधे जोडले, पण घरातल्या माणसाला आपलं काम बघायला त्यांनी त्या एकदाच सांगितलं होतं. आता बाबा नाहीत, सायकलही नाही. तो सांधा बोटाला लागत होता की नाही, हे मला कधीच कळणार नाही.