पदरातला गूळ

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या सालची गोष्ट. आष्ट्यात आमच्या दारात वरातीची पांढरी घोडी होती. लग्नसराईत तिच्यावर घर चालायचं. आषाढात लग्नं थांबली की कार्तिकापर्यंत ती नुसती उभी.

माझं माहेर आटपाडीकडचं, कायम दुष्काळी. तिथं जनावराच्या बरगड्या दिसल्या की घरच्या बाईला नावं ठेवतात. म्हणून सासरी आल्यापासून मी घोडीला कधी कमी पडू दिलं नाही. भिजवलेले हरभरे, गूळ, ओलं गवत, उसाच्या शेंड्याचे हिरवे वाढे. कामाविना उभी होती तरी खाणं तेवढंच. मान जाडजूड झाली, शेपटीच्या बुडाशी गादी आली. शेजारणी म्हणायच्या, "लय नशीबवान हाय बाई तुजी घोडी!" मी फुलून जायची. काय अक्कल माझी!

भादव्यात ती पुढचे पाय उचलेना. खुरं चुलीजवळच्या भांड्यासारखी तापलेली. माझ्या मालकांनी मिरजेहून गुरांचा डॉक्टर आणला. त्यानं बरगडीवर बोटं दाबली, तर हाड हाताला लागेना.

"ही ताकद नाही, चरबी आहे," तो म्हणाला. "गूळ, हरभरा, ओला चारा बंद. वाळकं गवत मोजून, पाण्यात भिजवून द्या. खाली वाळू टाका. पाय बरे होईपर्यंत चालवू नका. परत असं झालं तर उठायची नाही."

"आवं, पर उपाशी ठिवायचं व्हय जनावराला?" मी म्हणाले.

"डॉक्टर सांगतोय ते ऐक गं," मालक म्हणाले.

पंधरा दिवसांत घोडी सावरली. मालकांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिला ओढ्यापर्यंत चालवून आणलं, एकदाच. पण मला बघितलं की ती खिंकाळायची, पदर हुंगायची. माझा जीव तुटायचा. मालक बाहेर गेले की मी गुळाचा खडा द्यायची. आधी एक, मग मूठभर. एवढ्याशानं काय होतंय, म्हणायची. रोज म्हणायची.

खुरं पुन्हा तापली. दिवाळीच्या आधी घोडी बसली ती उठलीच नाही. डॉक्टर आला, मान हलवून गेला.

मालक तिच्या मानेवर हात ठेवून रडले. "डॉक्टर नगं म्हणत व्हता, तरी मी चालिवली. माज्याच हातनं मेली ही."

मी तिथंच उभी होते. पदरातल्या गुळाची गाठ मुठीत आवळून. नवरा काय म्हणेल, याचीच भीती जास्त.

त्यांनी परत घोडी घेतली नाही, माधवनगरला गिरणीत लागले. कुणी घोडीचं विचारलं की मरेपर्यंत तेच सांगायचे, "मी चालिवली, म्हणून गेली." आणि मी शेजारी बसून शेंगा सोलत राहायची.