नानासाहेबांच्या ताटाची डावी बाजू

माझे सासरे नानासाहेब यांनी आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. होळकरांच्या राज्यात ते सरकारी मुदपाकखान्याचे, म्हणजे राजवाड्यातल्या स्वयंपाकघराचे, दारोगा होते. शंभर पानांची पंगत बसली की ते दारात उभे राहत आणि तिथूनच सांगत की तिसऱ्या रांगेत खांबाजवळच्या पानावर लिंबू नाही. आचारी तूप चोरतो, वाढपी पेढे चोरतो, आणि ज्याने अजून काही चोरलं नाही तो संधीची वाट बघतोय, असं त्यांचं ठाम मत होतं. तीस वर्षं संशय घेण्याचाच पगार मिळाला, मग माणूस दुसरं काय शिकणार?

मी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझं वाढणं तपासलं. आधी मीठ. मग लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर ही डावी बाजू. भाजी, आमटी, रस्सा उजवीकडे. मधे भाताची मूद. सगळं पाहून ते म्हणाले, "बरोबर आहे." सासूबाई द्वारकाबाई तेव्हा होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मला त्यांनी हे अजून म्हटलेलं नाही." त्या दोन शब्दांच्या जोरावर मी या घरात चार वर्षं काढली.

पुढे संस्थान गेलं, मध्य भारत हे नवं राज्य आलं आणि मामंजी पेन्शनवर घरी बसले. सासूबाई गेल्या. माझ्या यजमानांचं नाव मालोजी; पण नाव घ्यायची सवय नाही, म्हणून 'हे'च म्हणते. ह्यांना नव्या सरकारात कारकुनी मिळाली. ते सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदुरात. राजधानीच दोन दगडांवर पाय ठेवून उभी, तिथे कारकुनाचा संसार कसा एका जागी राहणार? निम्मं वर्ष इंदुरात मल्हारगंजातल्या घरात मी आणि मामंजी दोघंच असायचो.

बावन्न सालच्या संक्रांतीनंतर मामंजींना अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं. महिनाभर दवाखान्यात काढून ते घरी आले, तेव्हा काठी घेऊन आणि माझा खांदा धरून चार पावलं टाकत होते. डावा हात मात्र ओल्या पंच्यासारखा लोंबत होता. जीभ शाबूत होती, उलट पहिल्यापेक्षा तिखट झाली होती.

पंधरा दिवसांत चोरी सुरू झाली.

म्हणजे त्यांच्या मते. जेवता जेवता ते थांबायचे आणि विचारायचे, चटणी कुठे आहे? मी म्हणायची, ताटातच आहे. ते म्हणायचे, नाही. मी पुढे होऊन ताट जरा फिरवून चटणी दाखवली की ते माझ्याकडे असे बघायचे, जसे तूप चोरणाऱ्या आचाऱ्याकडे बघत असतील. "आत्ता ठेवलीस. हमको क्या अंधा समजतेस काय?" मी जितकं दाखवायला जाई तितकी चोर ठरत जाई. नाही दाखवलं तर डावी बाजू तशीच ताटात राही, आणि भाताची मूद सुरीने कापावी तशी मधोमध अर्धी. मला वाटे, म्हातारा मुद्दाम टाकतोय. मला छळण्यासाठी उपाशी राहायचीही त्याची तयारी आहे. मीही त्यांच्यावर संशय घ्यायला लागले होते, खोटं कशाला सांगू?

शेजारच्या गंगूबाई रोज विचारपूस करायला येत. मामंजी त्यांच्याकडून ह्यांना पत्रं लिहवून घेत. सून उपाशी मारते, ताटातला माल गायब होतो, आणि जाब विचारला की हजर करते. गंगूबाईंनी अक्षर सुंदर काढलं असणार, त्यात शंका नाही.

उन्हाळ्यात दफ्तर इंदुरात आलं आणि हेही आले. दहाला जेवून कचेरीत जायचे, मामंजी बाराला जेवायचे, त्यामुळे ताट ह्यांनी कधी पाहिलंच नाही. एक दिवस मामंजींची चुन्याची चांदीची डबी हरवली. मी विहिरीवरून आले तेव्हा हे माझी ट्रंक उघडून बसले होते. माझी लुगडी, आईने दिलेली चोळी, सगळं जमिनीवर. डबी मामंजींच्या उशीच्या डाव्या बाजूला होती, मीच तिथून उचलून दिली. मामंजी म्हणाले, बघ, परत आणून ठेवली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याने मला जे झालं ते मामंजींच्या शंभर शिव्यांनी झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात ह्यांनी देवासला माझ्या भावाला, संताजीला, पत्र टाकलं की पुढच्या रविवारी येऊन बहिणीला घेऊन जा. चोर म्हणून माहेरी परत गेलेल्या बाईला त्या काळी दार कोण उघडून देत होतं? वडील नव्हते, भावजय नवी होती. मी खजराण्याच्या गणपतीलाही जाऊन आले.

मग माझं डोकं फिरलं. चोर म्हणता ना, मग होऊ दे एकदा पंगतीचा अपमान. सोमवारी मी ताट मुद्दाम उलटं वाढलं. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर उजवीकडे, आणि भाजी-आमटी डावीकडे. मुदपाकखान्यात असं ताट वाढणाऱ्याला मामंजींनी हाकलून दिलं असतं. मी कंबर कसून उभी राहिले.

मामंजींनी चटणी बोटाला लावून चाखली. चेहरा उजळला. लिंबू पिळलं, लोणचं संपवलं, कितीतरी दिवसांनी समाधानाने जेवले. ताट उलटं आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आणि मग म्हणाले, "आज भाजी नेलीस वाटतं."

हा माणूस नाटक करत नव्हता. त्यांच्यासाठी जगाची डावी बाजूच उरली नव्हती.

मी तशीच श्रीपादकडे गेले. तो ह्यांचा शाळेतला दोस्त, मुंबईहून डॉक्टर होऊन नुकताच परतला होता. संध्याकाळी घरी आला. मामंजींना म्हणाला, घड्याळ काढून दाखवा. त्यांनी गोल काढला आणि आकडे सगळे उजव्या अर्ध्यात कोंबले. पेपर वाचायला दिला तर प्रत्येक ओळ अर्ध्यापासून पुढेच वाचली आणि छापणाऱ्याला नालायक म्हणाले. श्रीपादने त्यांचा डावा हात उचलून विचारलं, हा कुणाचा? मामंजींनी तिकडे न पाहताच सांगितलं, असेल कुणाचा तरी, घरात लोक येतात जातात.

ओट्यावर येऊन श्रीपादने आम्हा दोघांना समजावलं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली आहे, डावीकडे लक्ष द्यायचं काम त्या भागाचं. "डोळे ठीक आहेत, वहिनी. तुमच्या पाठीमागे आत्ता काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, पण काही चुकतंय असं वाटतं का? त्यांचं डावीकडचं तसं झालंय. ते झूट बोलत नाहीत आणि तुम्हीही नाही." मला तिथेच रडू फुटलं. हे मात्र म्हणाले, श्रीपाद, तू हिच्या बाजूने बोलतोयस. सोनाराने कान टोचले तरी भोक पडेना. संताजीला येऊ नको म्हणून कळवायला ह्यांनी नकारच दिला.

औषध काही नव्हतं, सवयच लावायची होती. जेवायच्या चटईच्या डाव्या कडेला मी लाल काठ शिवला. ताटातलं मीठ सापडेपर्यंत घास घ्यायचा नाही, आणि मीठ सापडेना तर लाल काठ दिसेपर्यंत मान वळवायची. डावा हात मांडीवर टाकायचा नाही, ताटाशेजारी डोळ्यांसमोर ठेवायचा. आपल्याकडे जेवताना डावा हात ताटाजवळ आणणं म्हणजे असभ्यपणा, म्हणून मामंजी रागावले. श्रीपाद त्यांना म्हणाला, "दारोगासाहेब, ताटात रोज गडबड होते म्हणता ना? मग तपासणी करा. मिठापासून." हे त्यांना पटलं. चार दिवस ते चोर शोधण्याच्या ईर्ष्येने मान वळवत राहिले. कधी मीठ सापडे, कधी नाही.

रविवारी संताजी आला. माझी ट्रंक दारात बांधून ठेवलेली होती. जेवून निघायचं ठरलं. हे, संताजी आणि मामंजी जेवायला बसले. श्रीपादही आला होता. मामंजींचा डावा हात मीच उचलून ताटाशेजारी ठेवला आणि नेहमीच्या जागी, त्यांच्या डावीकडे, उभी राहिले.

मामंजी मीठ शोधायला लागले. मान हळूहळू वळली, भात ओलांडून पुढे गेली, आणि एकदम त्यांचा उजवा हात झेपावला. ताटाशेजारी पडलेलं एक मनगट त्यांनी घट्ट पकडलं.

"मालोजी, देख! चोर रंगेहाथ पकडला!"

मामंजींनी ते मनगट ओढून वर उचललं, तेव्हा बोटातली अंगठी त्यांच्या नजरेसमोर आली. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल सरकारातून मिळालेली, मोहर कोरलेली. ती त्यांनी अंगठ्याने चाचपली. पुन्हा चाचपली.

"अंगठी तर माझी आहे," ते म्हणाले. आवाजातला दारोगा गेला होता. मनगटावरून त्यांची नजर दंडावर आली, दंडावरून खांद्यावर. तिथून पुढे रस्ता त्यांच्याच गळ्याकडे येत होता. मग त्यांनी मान आणखी वळवली, लाल काठाच्याही पलीकडे, मी उभी होते तिथपर्यंत.

"इंदिरा, तू इथे उभी होतीस?"

"मी रोज इथेच उभी असते, मामंजी."

त्यांनी हात सोडला नाही. तो तसाच धरून म्हणाले, "संताजीराव, पोटभर जेवा आणि देवासला एकटेच जा. माल घरातच होता."

पुढे मामंजी सहा वर्षं जगले. पूर्ण बरे कधीच झाले नाहीत. डोळ्यांवरचा विश्वास त्यांनी सोडला, आणि त्या वयात ते त्यांना किती जड गेलं असेल हे मला आता कळतं. जेवायला बसले की आधी मीठ शोधायचे, मग मला शोधायचे, आणि मी दिसले की म्हणायचे, "बरोबर आहे." मगच पहिला घास. त्यांच्यावरचा माझा राग त्या रविवारीच गेला, कारण त्यांच्या मेंदूला इजा झाली होती.

ह्यांच्या मेंदूला काही झालेलं नव्हतं. संताजी गेल्यावर मी ट्रंक आत नेली, चोळ्या-लुगड्यांच्या घड्या घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला बांधली. ती अजून तिथेच आहे. ती कशाची, हे ह्यांनी एकदाही विचारलेलं नाही.