आपांनी बघितलेली घरं

आपा घर बघायला गेल्या की घरात लगेच शिरत नसत. आधी इमारतीच्या आवारात टेकायला कुठं जागा आहे ते बघायच्या, चपला काढायच्या आणि पाय पोटाशी घेऊन खुशाल बसायच्या. दाखवायला आलेला एजंट बिचारा जिन्यापाशी ताटकळत उभा. "ताई, वर चला ना, लिफ्ट चालू आहे." आपा म्हणायच्या, "घर काय पळून चाललंय व्हय? जरा संध्याकाळ तर बघू दे." पोरं खेळायला खाली उतरतात का, बायका एकट्या फिरतात का, कुणाचं पोर पडलं तर त्याला शेजारची बाई उचलते का, हे त्यांना बघायचं असे. मला अंधार पडायच्या आत भोरला पोचायची घाई, आणि आपा परक्या पोरांच्या क्रिकेटला टाळ्या वाजवत बसलेल्या.

आपा म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या मोठ्या नर्स. सगळी नोकरी त्यांनी वेल्ह्याच्या बाजूला केली. आम्हा बाकीच्यांना लोक नर्सबाई म्हणायचे, त्यांना मात्र सगळा भाग 'आपा' म्हणायचा. घर भोरला, मुसलमान वस्तीत. पण इतकी वर्षं डोंगरातल्या वाड्यांमधून हिंडून बोलणं पार तिकडचं झालं होतं. मी नवी रुजू झाले ती त्यांच्या हाताखाली. पालीच्या पुढं एका वाडीत माझं पहिलं बाळंतपण होतं. माझे हात थरथरायला लागले. आपांनी मागून माझी मनगटं धरली आणि कानाशी म्हणाल्या, "घाबरू नगंस. त्या लेकराला काय ठावं तू नवी हायेस?" मला तशाही अवस्थेत हसू आलं आणि हात आपोआप थांबले.

त्या बाळंतपणाला गेल्या की बारशालाही जात. जुन्या मऊ साडीची कुंची शिवून न्यायच्या आणि बाळाला स्वतः घालायच्या. घरातली म्हातारी त्यांना शेजारी बसवून घ्यायची, घुगऱ्या द्यायची, पाळणा म्हणायला लावायची. आपांना पाळणे पाठ होते. सूर मात्र अजिबात नव्हता.

निवृत्त झाल्यावर त्यांना एकच काळजी लागली, मुलाची. रियाज पुण्यात एका कंपनीत होता. पहाटे मोटारसायकल काढायची, हायवेवर कापूरहोळला लावायची, तिथून कंपनीची बस. परत यायला रात्र. सून भोरच्याच एका शाळेत शिकवायची. नात हिना चार वर्षांची. बाप निघायचा तेव्हा ती झोपलेली आणि परतायचा तेव्हाही झोपलेली. एका रविवारी तो तिला न्हाऊ घालायला गेला, तर ती आपांच्या मागं लपून म्हणाली, "दादी, ह्यांना नको म्हण, तू घाल." आपा मला हे सांगताना हसत होत्या, पण सांगून झाल्यावर बराच वेळ पदर चाळवत राहिल्या. त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं. शहरात नको, तिथं पोरगी कोंडून पडेल. पण भोरइतकं लांबही नको. खेड शिवापूर, नसरापूर, वरवे, हायवेच्या कडेला नव्या सोसायट्या झाल्या होत्या. हिनाला शाळा जवळ, रियाजला बस दारात. "आदी भाड्यानं ऱ्हाऊ," त्या म्हणाल्या, "बरं वाटलं तर मग घेऊ." रियाज म्हणाला, "आई, राहू दे ना. मला जमतोय प्रवास." पण आपांनी ऐकलं नाही. मीही नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणून मला सोबतीला घेतलं.

त्यांचे प्रश्न ठरलेले असत. आत गेल्यावर पहिल्यांदा नळ सोडून ओंजळभर पाणी पिऊन बघायच्या. जन्मभर गावोगावच्या जुलाबांशी झगडलेली बाई ती. मग विचारायच्या, "हितं रात्री कुनाच्या पोटात दुखाया लागलं तर गाडी कोन काढतं?" एजंट गोंधळून जात. एकानं सांगितलं, "ताई, पार्किंगला जागा आहे." आपा म्हणाल्या, "जागा न्हाई इचारली, मानूस इचारला."

पहिलं घर त्यांना फार आवडलं. खाली पोरांचा गलका होता, पाणी गोड होतं, पलीकडं शाळेची भिंत दिसत होती. बोलणं सगळं झालं. निघताना एजंटनं नाव विचारलं. आपांनी सांगितलं. त्यानं मोबाईलवर लिहून घेतलं आणि म्हणाला, "मालकांशी बोलून सांगतो." दुसऱ्या दिवशी फोन आला, मालकांचे पाहुणेच राहायला येणार आहेत. आपांना मुळीच वाईट वाटलं नाही. "पाव्हण्यांना न्हाई कसं म्हनायचं? त्यांचंबी बरोबरच हाय," असं म्हणून त्या पुढच्या घराच्या चौकशीला लागल्या.

दुसऱ्या ठिकाणी मालकाला अचानक घर विकायचं निघालं. तिसऱ्या ठिकाणी फक्त शाकाहारी लोकांनाच द्यायचं ठरलं. आम्ही उभ्या होतो तिथं जिन्यात सुकटीचा वास दरवळत होता. तेव्हा मला उमगलं. आपांनाही उमगलं असणार, पण आम्ही दोघी एकमेकींशी त्यावर बोललो नाही. बोलला तो चौथा एजंट, तरुण मुलगा, वाईट नव्हता. गाडीला टेकून खाली बघत म्हणाला, "आजी, एक सांगू का? राग मानू नका. तुमच्याकडं बघून, बोलण्यावरून कळत नाही. तुम्ही आधीच नाव सांगत जा. म्हणजे तुमची चक्कर वाचेल."

आपांनी त्याचं ऐकलं. त्यानंतर त्या आवारात बसल्या नाहीत. पाणी चाखलं नाही, काही विचारलं नाही. फाटकाशीच थांबायच्या, पदर नीट करायच्या आणि आपलं पूर्ण नाव सांगून म्हणायच्या, "आमी मुसलमान हाय. चालंल का?" ज्या बाईला मी कधी कुणापुढं आवाज खाली केलेलं पाहिलं नव्हतं, ती वॉचमनपुढं असं विचारायची. मी बाजूला उभी राहायची. माझं नाव कुणी विचारायचं नाही.

वरव्याच्या बाजूच्या एका सोसायटीत मात्र आपांना काही बोलावंच लागलं नाही. फाटकातून एक माणूस बाहेर येत होता. त्यानं बघितलं, "आपा!" म्हणून ओरडला आणि तिथल्या तिथं वाकून पाया पडला. वेल्ह्याकडच्या एका गावचा मुलगा तो. आता इथं घर घेऊन सोसायटीचा चेअरमन झाला होता. त्याचा जन्म आपांच्या हातचा. त्यानं आम्हाला घरी नेलं, बायकोला हाक मारली, "ह्या आपा, ज्यांचं आई सांगते त्या." चहा झाला, पोहे झाले. आपांचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला. दोन मजले वर त्याच्या चुलत भावाचा फ्लॅट रिकामाच होता. आपांनी हक्कानं विचारलं, "मंग आमाला दे की."

बायको कप उचलून आत गेली, ती बाहेर आली नाही. "आपा," तो म्हणाला, "माझ्या घरात या, राहा, महिनाभर राहा. पण भाड्यानं... मीटिंगमध्ये ठरलंय सगळ्यांचं. मी चेअरमन, मीच कसं मोडू? माझ्या एकट्याच्या हातात नाही हो." त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. मला वाटलं, आता आपा त्याला चांगलं सुनावतील. आपांनी विचारलं, "आईचं गुडघं कसं हायेत आता?"

परतीच्या एसटीत कापूरहोळ येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्यो जन्मला तवा रडंना. निळा पडला हुता. म्या उलटा धरून पाठीवर थापट्या दिल्या, तवा कुटं श्वास घेतला. आज त्याला बोलताना लई तरास झाला बग." थोड्या वेळानं माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "सुमन, म्या काय वंगाळ केलं गं कुनाचं?"

त्या रात्री रियाज आल्यावर मी त्याला बाहेर गाठून झालेलं सगळं सांगितलं. तो पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. वर न बघताच म्हणाला, "मावशी, मला माहीत आहे. लग्न झालं तेव्हाच मी बारा-पंधरा ठिकाणी विचारून बसलोय. आईला कधी कळू दिलं नाही. तिला वाटायचं, ह्या भागात तिला कोण नाही म्हणेल? ते तिचं तसंच राहावं म्हणून मी एवढी वर्षं ये-जा केली."

पुढं रियाजनं शहरात घर घेतलं, जिथं मुसलमानांना घरं मिळतात अशा दाट वस्तीत. तिथं नाव सांगून अडचण नव्हती. खेळायला जागा नव्हती, खिडकीसमोर दुसरी खिडकी होती, आणि बस धरायला त्याला अर्धं शहर ओलांडावं लागे. आपा तिथं थोडे दिवस राहून परत आल्या. "तितली मानसं चांगली हायेत," म्हणाल्या, "पर मला वळखत कोन?" नात घरात नाही, मुलगा-सून नाहीत, आणि आपा भोरला एकट्या.

मला वाटलं होतं, निदान पूर्वीसारखं गावांमधून फिरतील. पण त्यांनी तेही सोडलं. वेल्ह्याकडून आमंत्रणं येतच होती. त्यांच्या हातावर जन्मलेल्या मुलींना आता मुलं होत होती. आपा कुंची शिवून माझ्या हाती द्यायच्या. "तू जा. माझी तब्येत बरी न्हाई म्हनून सांग." तब्येतीला काही झालेलं नसायचं. एकदा मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "आता कुनाच्या दारात उभं ऱ्हायलं की मला आपसूक नाव सांगावंसं वाटतं, सुमन. बारशाला गेलं आन् तसं तोंडातनं निघालं तर?" त्यानंतर मी आग्रह केला नाही. हळूहळू त्यांनी शिवणंही थांबवलं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या, तेवढंच. जेवायला बसवलं तर जेवायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. काय झालं ते डॉक्टरांनी सांगितलं, पण मला त्यांच्या सांगण्यानं काही कळलं नाही. त्या एसटीतून परतलो त्या दिवसापासून मी त्यांना जाताना बघत होते.

बातमी कशी पसरली कोण जाणे. दुपारपर्यंत वेल्ह्याकडून टेम्पो भरभरून माणसं आली. बायका उंबऱ्यात बसून हंबरडा फोडत होत्या. "आमची आपा गेली गं!" भोरच्या त्या अरुंद गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. जनाज्याला खांदा द्यायला माणसांची रीघ लागली. कोण कुठल्या धर्माचं, हे त्या दिवशी कुणी बघितलं नाही. रियाज सगळ्यांसमोर हात जोडत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तो नुसता बघत होता, इतकी माणसं.

दफन करून मंडळी परतली. टेम्पोत बसण्याआधी राजगडाखालच्या एका गावचा म्हातारा रियाजपाशी आला. त्याच्या दोन्ही लेकी आपांच्या हातच्या. त्यानं रियाजच्या पाठीवरून हात फिरवला, हिनाच्या डोक्यावर ठेवला.

"बाळा, आता कुटं असतोस रं?"

"पुण्यात, बाबा."

"तितं गर्दीत कशापायी? पोरीला मोकळं फिराया तरी मिळतं का? आता हितं नसरापूर, वरव्याला लई सोसायट्या झाल्यात. हिकडंच या की ऱ्हायाला. तुझ्या आईची समदी मानसं हितंच हायेत."

रियाजनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हाताऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "बघू की, बाबा."

म्हाताऱ्याला बरं वाटलं. तो टेम्पोत चढला, टेम्पो गेले, गल्ली रिकामी झाली. रियाजनं घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडंच असू दे, मावशी," तो म्हणाला. "आम्हाला आता लागणार नाही."