पितळेची पिन

तन्वी, मिहीर,

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही — देवासमोरही नाही. देवासमोर मी दिवा लावते, बोलत नाही.

मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही पटकन वाचलं असतं, आणि मलाही सोपं गेलं असतं. पण नन्सनी शिकवलेलं ते इंग्रजी तोंडी आलं की मी फार सभ्य होते, आणि हे सभ्यपणे सांगण्यासारखं नाही. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. हो — आईलाच.

गेल्या रविवारी तन्वी, तू व्हिडिओवर म्हणालीस, ‘आजी, मी शाळेत तुझ्यावर बोलणार आहे. बारीक कुलूप शोधून काढणारी आजी!’ मी पाठवलेलं कुलूप तू कॅमेऱ्यासमोर धरलंस. त्याच्यावर माझं नाव कोरलेलं आहे — ‘सुमती’. तुझ्या मागे तुझी आई कोबी चिरत होती. तिने मान वर केली नाही. सुरीही थांबली नाही.

ती गप्प का बसते? इतकी वर्षं? मला तिच्या त्या गप्प बसण्याची चीड येते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुठे मी मवाळ झाल्यासारखी वाटले तर तुम्ही फसू नका.

तुमची आई, रेवती, आमच्या घरात आली ती इब्रामपूरहून. शेतकऱ्याची मुलगी, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेली. तुमच्या बाबाने स्वतः निवडलेली. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. का? तिचं बोलणं आवडलं नाही, तिचं मोठ्याने हसणं आवडलं नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर मी इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, ते तुम्ही पाहिलं आहे. आल्या आल्या म्हणते, ‘आई, मिठाच्या बरणीवर मीठ म्हणून लिवलाय कशाक? चाखल्यार कळता मा!’ तुमचे आजोबा त्यावर चहा सांडेपर्यंत हसले. मी म्हटलं, ‘या घरात आपण जरा नीट बोलतो.’ ती म्हणाली, ‘होय आई,’ आणि पुन्हा तशीच बोलली.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आजोबांचा छोटा कारखाना होता. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, कुलपं. माझं काम शेवटचं — तपासणी. प्रत्येक कुलूप माझ्या मेजावर यायचं. आतले भाग मी बसवायचे, चालवून पाहायचे, आणि झाकण रिव्हेटने कायमचं बंद करायचे. झाकण बंद झाल्यावर आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. मी बंद केलेलं कुलूप तोवर कधी परत आलं नव्हतं. ही फुशारकी नाही. ती खरी गोष्ट होती, आणि तिचाच मी पुढे उपयोग केला.

त्या सुमारास समुद्रकाठच्या हरमलला घरोघरी पाहुण्यांना खोल्या द्यायला लागले होते. घरं जुनी, दारं दोन झडपांची, आणि झडपेची उभी पट्टी चार बोटांचीही नाही. पाहुण्यांना कडीला लोंबणारं कुलूप नको. त्यांना दाराच्या आत बसणारं, किल्ली फिरवली की ज्याचा जाड बोल्ट चौकटीत घुसतो, तसं डेडबोल्ट हवं. पण त्याची पेटी रुंद. ती बसवायला सुतार पटाशीने झडप पोखरायचे, आणि इतकी पोखरायचे की कुलूप शाबूत राहायचं आणि दारच खांद्याच्या एका धक्क्याने फुटायचं.

पेटी रुंद का? कारण उघडताना बोल्ट सरळ मागे सरकतो आणि त्याला मागे जागा लागते. आजोबा कित्येक महिने बोल्ट आखूड करून पाहत होते. आखूड बोल्टचं कुलूप म्हणजे नुसती शोभा.

तुमच्या आईने बोल्ट मागे सरकवलाच नाही. तिने तो उभा केला. खालच्या टोकाला एक पिन, त्या पिनेवर बोल्ट पेटीत उभा राहतो. किल्ली फिरवली की आडवा पडतो आणि चौकटीत जातो. उलटी फिरवली की पुन्हा उभा. पेटी निम्म्याहून बारीक झाली. तिच्या माहेरी गोठ्याच्या दाराला तसा दांडा होता — दिवसभर उभा, गुरं परत आली की आडवा पाडायचा.

‘म्हणजे हे गोठ्याचं कुलूप,’ मी सगळ्यांसमोर म्हटलं.

‘होय तर,’ ती म्हणाली, ‘म्हशीन कधी तक्रार केल्यान नाय.’

पुन्हा सगळे हसले. माझ्या बोलण्याला नाही, तिच्या.

मग रोज संध्याकाळी बाल्कावात, दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, आजोबा आणि ती. मधे कागद, पेन्सिली, लाकडाचे तुकडे. माझ्या संसारात आजोबांनी मला एकदाही विचारलं नव्हतं की कुलूप कसं असावं. असलेलं कुलूप बरोबर आहे का, एवढंच विचारायचे. आणि आता मला हाक यायची — ‘अगो, चहा ठेव गो आमकां.’ आमकां! त्या शब्दात मी नव्हते. मी चहा ठेवायचे. तिच्या कपात साखर कमी घालायचे. इतकं क्षुद्र. तिने कधी मागून घेतली नाही.

मी फिरून फिरून लांबूनच जाते आहे, हे मला कळतं आहे.

पहिलं कुलूप हरमलला सुभद्राबाईच्या खोलीला बसवायचं ठरलं. सुभद्राबाई म्हणजे आमच्या ओळखीची विधवा, समुद्राला लागून तिच्या खोल्या. तिचं दार टिकलं तर बाकीचे कुलूप घेतील, आणि आजोबा रेवतीला कारखान्यात कायमचं घेतील, असं बोलणं झालं होतं. रेवतीने पितळेची पिन स्वतः लेथवर बनवली आणि माझ्या मेजावर आणून ठेवली. म्हणाली, ‘आई, हीच घाला हां. हरमलच्या वाऱ्यात लोखंड टिकाचा नाय.’

मी मान हलवली.

ती गेल्यावर मी लोखंडाची पिन घातली.

चुकून घडलं असेल, असं तुम्हांला वाटेल. तुम्ही मुलं चांगली आहात. पण माझ्या हातून काही चुकून होतं का? मी खण उघडला, लोखंडाची पिन काढली, ती बरोबर बसते का ते पाहिलं, तेल दिलं. पितळेची पिन ‘ब्रास’ लिहिलेल्या खणात, तिच्या जागी, नीट ठेवली. मग झाकण बंद केलं.

मला काय हवं होतं? कुलूप जरा करकरावं, तिचं नाक जरा खाली व्हावं, एवढंच — असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं. ते कुलूप अडावं, आणि चारचौघांत अडावं, हेच मला हवं होतं.

आणि ते अडलं. पावसाळाभर खोली बंद होती. हंगाम सुरू झाला, एक परदेशी बाई उतरली, तिने आतून बोल्ट लावला आणि सकाळी तो उघडेना. पिन गंजून बसली होती. बाईने घाबरून खिडकीची काच फोडली आणि गजांतून हात बाहेर काढून ओरडत राहिली. मनगट कापलं. शेजाऱ्यांनी पहारीने दार फोडून तिला बाहेर काढलं. टाके पडले. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. मी विचारलंच नाही.

सुभद्राबाई ते कुलूप पिशवीत घालून आमच्या दारात आली. मी एकटी घरी होते. ‘तुमच्या सुनेन माझा नाव घालवल्यान!’ ती अंगणातूनच ओरडत होती. ‘पावण्या बायेक कोंडून घातला! आता कोण येतला माझ्याकडे? त्या इब्रामपूरच्या चेडवाक माझ्यासमोर आणू नकात!’ मी तिला पाणी दिलं. म्हटलं, ‘तुमचं खरं आहे.’ माझं बोट माझ्याकडे वळलं असतं तर एका वाक्यात सगळं संपलं असतं. मी म्हटलं, ‘पोर आहे. ऐकत नाही कुणाचं.’

ती गेल्यावर मी कुलूप गाडीत घातलं आणि जुन्या खाणीच्या खड्ड्यापाशी गेले. तिथलं हिरवं पाणी किती खोल आहे कुणाला ठाऊक नाही. तिथे फेकलं. घरी सांगितलं की सुभद्राबाईने रागाच्या भरात समुद्रात भिरकावलं. कोण जाऊन विचारणार होतं? रेवती एकदा गेली. सुभद्राबाईने तिला पायरी चढू दिली नाही.

तुमच्या आईने मला एकदाच विचारलं, स्वयंपाकघरात, मी पोळ्या लाटत असताना. ‘आई, पिन पितळेचीच घातलेली मा?’

मी म्हटलं, ‘माझ्या हातून कुलूप कधी चुकलं आहे का?’

त्या वाक्यात खोटं कुठे आहे, दाखवा. इंग्रजी शाळेत असंच बोलायला शिकतात माणसं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘नाय.’ तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मला तिचा सगळ्यात जास्त राग त्या क्षणी आला. आजही तो क्षण आठवला की येतो.

आजोबांनी ते काम बंद केलं. ‘गोठ्यात चलता तां घरात चलना,’ म्हणाले. शब्द माझेच, त्यांच्या तोंडून आले. तिने हातात घेतलेलं दुसरं कुलूप पुरं करू दे म्हणून विनवलं; त्यांनी नकार दिला. मी जेवताना म्हटलं, ‘आता घराकडे लक्ष दे.’ ती पानावरून उठली. पुढे तुमच्या बाबाने परदेशात नोकरी शोधली. ती दोघं गेली. तुम्ही तिकडे जन्मलात. इकडे नातेवाइकांत, देवळात, लग्नाकार्यात मी सांगत राहिले, ‘सुनेला गोवा लहान पडला. महत्त्वाकांक्षी आहे ना.’ तुमच्या कानावरही ते माझ्याकडूनच आलं आहे. मिहीर, तू लहान असताना एकदा तिच्यावर चिडून तिला तेच म्हणालास — ‘तुझ्यामुळे आम्ही आजीपासून लांब आहोत.’ मी फोनवर होते. मी ऐकलं. मी हसून विषय बदलला.

इथे थांबले असते तरी पुरे होतं. नाही का? पण मी थांबले नाही.

ती गेल्यावर वर्षभराने कारखान्यात धंदा थंडावला. आजोबा तिचं ते दुसरं, अर्धवट राहिलेलं कुलूप हातात घेऊन बसले होते. मी म्हटलं, ‘लोखंडाऐवजी पितळेची पिन घालून बघितली तर?’

पितळेची पिन रेवतीने फक्त मला दिली होती, आजोबांना तिचं ठाऊकच नव्हतं; कशी सुचली म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, ‘सुचली.’

त्यांचा चेहरा असा उजळला! इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून तो तसा कधी उजळला नव्हता. कुलूप चाललं. हरमल, मोरजी, पुढे पणजीतल्या दुकानांतही गेलं. सुभद्राबाईनेही घेतलं. आजोबांनी त्याला माझं नाव दिलं, आणि शेवटपर्यंत मला चारचौघांत ‘आमची इंजिनिअरबाई’ म्हणत राहिले. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, नर्सलाही सांगत होते. मी त्यांच्या उशाशी बसून होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी त्यांची चादर सारखी केली.

तुमच्या बाबाने ही बातमी तिकडे सांगितली तेव्हा तुमच्या आईला लगेच कळलं असणार की पितळ कुणाचं. तिने फोन घेतला. मला वाटलं, आता बोलेल. म्हणाली, ‘अभिनंदन, आई.’ नीट, शुद्ध मराठीत. त्या दिवसापासून ती माझ्याशी तिच्या बोलीत बोललेली नाही. पण लोखंडाचं तिला माहीत नाही. आपलंच काहीतरी चुकलं, असंच तिला अजून वाटत असणार — कुठलंतरी माप, कुठलीतरी गणना — आणि त्यापायी एक बाई कोंडली गेली, तिचं रक्त आलं. तिकडे जाऊन तिने हे काम पुन्हा हातात धरलं नाही. ती एका दुकानाचे हिशेब बघते. ते मी केलं.

आता तुम्हांला कळलं. मला हलकं वाटत नाही, आणि वाटावं असं काही यात नाही. मी म्हातारी झाले म्हणून हे लिहिलेलं नाही, पश्चात्तापाने झोप येत नाही असंही नाही; मला झोप चांगली लागते. तन्वी शाळेत उभी राहून माझं नाव घेणार, आणि तिची आई घरी कोबी चिरत राहणार — ते मला बघवलं नाही, एवढंच.

तुमची आई मला तेव्हा आवडत नव्हती. आजही आवडत नाही.

कुलूप तिचं आहे.