दार लावून घेतलेली चाचणी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत होतो. आधी चाचणी, मग सरावाचं वेळापत्रक, हा माझा क्रम ठरलेला. म्हणून पेठेतल्या एका वस्तादांनी आपला पैलवान माझ्याकडे पाठवला, तेव्हा मी त्याच क्रमाने लागलो. राज्याच्या संघाची निवड दिवाळीनंतर होती आणि कुमार गटात उतरायचं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

चाचणीत तो सगळ्यातच हलका निघाला. धावणं, बाकावरची चढउतार, दोन्ही हातांची पकड, काहीच धड नाही. धापा जोरात टाकत होता, पण मनगट धरलं तर नाडी शांत. कपाळावर घामाचा थेंब नाही. मी सामान आवरत असताना तो फाटकाबाहेर गेला आणि सुटलेली बस त्याने पळत गाठली. माझ्यासमोर तो इतकं जोरात एकदाही धावला नव्हता.

पोरगा आजारी आहे, की कुणाच्या सांगण्यावरून मुद्दाम कमी जोर लावतोय? सरळ तालमीत गेलो आणि वस्तादांना विचारलं.

"मीच सांगितलंतं, निम्माच जोर दाव म्हणून," ते म्हणाले. "समोरच्या तालमीची पोरं तुमच्या कॉलेजात हायत. त्येंचं कागद ज्या कपाटात, त्याच कपाटात ह्येचं बी जाणार न्हवं?"

मोठ्या कुस्तीआधी पैलवानाची तयारी बाहेर दिसू द्यायची नाही, ही त्या पेठेतली रीत. खुराकसुद्धा झाकून नेत. मी म्हणालो, निम्म्या जोरावर वेळापत्रक केलं तर सरावही निम्माच होईल. हे त्यांना पटलं. पण चाचणी तालमीत, दार लावून. आणि कागदावर एक अक्षर लिहायचं नाही, ही त्यांची अट. माझ्या खिशातली यादीही काढायला लावली. तीत मेथी, अंगाचा साबण आणि विजेचं बिल होतं. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि स्वतःकडेच ठेवली.

आता पैलवानाने खरा जोर लावला. आकडे डोक्यात ठेवताना माझी तारांबळ उडाली, इतके ते चांगले होते. फक्त डाव्या हाताची पकड होती तेवढीच राहिली.

"काय रं, अजून दाबून ठेवतोस व्हय? आता दार लावलंय की," वस्ताद म्हणाले.

मी पकड मोजायचं यंत्र परत दाबायला दिलं. त्याने दात आवळले, ओठ पांढरे पडले, काटा जागचा हलेना. हा दाबून ठेवत नव्हता. मी तसं सांगितलं. वस्तादांनी त्याचा कोपर धरून जरा पिळला, तसा तो कळवळला.

"पावसाळ्यापासनं हाय," तो मातीकडे बघत म्हणाला. "सांगितलं असतं, तर निवडीला धाडलं असतंसा?"

जोर लपवायची आज्ञा वस्तादांचीच होती, आणि तिच्याच आडून याने दुखणं त्यांच्यापासून लपवलं होतं. वस्ताद माझ्याकडे वळले. दिवाळीपर्यंत हात बरा होईल का, असं विचारलं. आधी डॉक्टरला दाखवा, म्हणालो. त्यापुढचं सांगणं माझ्या हातात नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कुस्ती बंद करायला सांगितली.

"ह्या साली न्हाय जायचं," वस्ताद त्याला म्हणाले. पोराने मान खाली घातली ती वर केली नाही. मग वस्तादांनी मला बजावलं, "चौकात कुनी इचारलं, तर भातकापणीला चंदगडला गेलाय म्हणायचं. हाताचं नाव काढायचं न्हाय."

दोन दिवसांत समोरच्या तालमीच्या वस्तादांनी मला चहाच्या गाड्यावर गाठलंच. मी भातकापणीचं सांगितलं.

"निवड तोंडावर आलीया आन् गडी भात कापाय गेलाय?" ते म्हणाले. "कुठं लपवून तयारी चाललीया त्येची?" चहा अर्धा ठेवून उठले. त्या संध्याकाळपासून त्यांच्याही तालमीचं दार आतून बंद व्हायला लागलं.